तळ्याकाठचे इंजिन सुरू होईना तेव्हा



भाद्रपदाचे दिवस आहेत. सोयाबीनच्या शेंगांत दाणा भरू लागला आहे आणि नेमकी आताच पावसाने पाठ फिरवली आहे. आज येईल, उद्या येईल, असे म्हणता म्हणता पंधरवडा उलटला. भातकुलीकडच्या काळ्या वावरात बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. वावराच्या कोपऱ्यातले शेततळे मात्र भरलेले आहे. काठावर पाच हॉर्सपॉवरचे डिझेल इंजिन बसवलेले आहे. गेल्या वर्षी हरभऱ्याला पाणी दिल्यापासून त्याला कोणी हात लावलेला नाही. तुम्ही पाइप जोडले, डिझेल ओतले आणि हॅण्डल मारले. एकदा, दोनदा, दहादा. मग थोरल्या मुलाने मारून पाहिले, मग गड्याने. इंजिन नुसते फसफसते, पेटत नाही. तेवढ्यात धुऱ्यावरून जाणारा कोणी तरी विचारतो, “काऊन बा, इंजन चालू होत नाई काय?” त्या वेळी हा साधा प्रश्नसुद्धा मिरचीसारखा झोंबतो.

आज या इंजिनाविषयीच थोडे बोलू.

बाहेरगावच्या वाचकाला वाटेल, एक इंजिन बंद पडले तर एवढे काय मोठे? विहिरीवर दुसरे असेल! पण भातकुलीत तसे म्हणता येत नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे पावणेपाच लाख हेक्टरांचा खारपाणपट्टा पसरला आहे, आणि आपण त्या पट्ट्यात राहतो. विहीर खणली तर पाणी लागते, पण ते खारे. ते पिकाला दिले की जमिनीत सोडियम साठते, माती चिकट होते, वाळली की दगडासारखी आवळते आणि पुढे पाणी आत घेईनाशी होते. म्हणजे पाय पाण्यावर आणि पीक तहानलेले. गोडे पाणी म्हणावे ते आभाळातून पडते तेवढेच. ते अडवून ठेवायचे तर शेततळ्यात. आपल्या चिकण मातीचा एक गुण मात्र इथे कामी येतो. ती पाणी फारसे मुरू देत नाही, त्यामुळे प्लास्टिकच्या अस्तरावाचूनही तळे बरेच दिवस पाणी धरते. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना निघाली, तेव्हापासून वावरावावरांत तळी दिसू लागली.

आता थोडा हिशेब करू. गुरुजींनी हा मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा. तळे वर ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असले, आणि काठ एकास एक उताराचे असले, तर त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. एका एकराला दोन इंच पाणी द्यायचे म्हणजे साधारण दोन लाख लिटर लागतात. पंप सेकंदाला दहा लिटर पाणी फेकत असेल तर तासाला ३६ हजार लिटर होतात, म्हणजे एका एकराला साडेपाच तास. पाच एकरांचे सोयाबीन असले तर तीन दिवसांचे काम झाले. इंजिन सुरू करण्यात दोन दिवस गेले तर शेवटच्या एकराचे पाणी पाचव्या दिवशी पोचेल. दाणा भरताना झाडाला पाचवा दिवस फार लांबचा असतो. वीज आहे, सौरपंपही आता बऱ्याच ठिकाणी बसले आहेत. पण ज्याच्या तळ्यापर्यंत खांब आलेला नाही आणि ज्याचे सौरपंपाचे जमलेले नाही, त्याची सारी मदार अजून या हॅण्डलवरच आहे.

एका कास्तकाराच्या तळ्यावर मी गेलो होतो, तेव्हाची गोष्ट सांगतो. मी पोचलो तोवर त्यांनी एक गोणपाट अंथरला होता आणि त्यावर निम्मे इंजिन मांडून ठेवले होते. नोझल, फ्युएल पंपाचे तुकडे, फिल्टर, दोन नळ्या, पाच-सहा वायसर. हेडचे नट ढिले करायला त्यांनी पाना लावलाच होता. “सकाळधरनं एक एक सोडून पायतो,” म्हणाले. मी विचारले, “दादा, पहिल्यांदा काय झालं होतं?” ते जरा थांबले. “गेल्या वर्षी डिझल संपूनच बंद झालतं.”

दुखणे तेवढेच होते. टाकी कोरडी पडेपर्यंत इंजिन चालले, त्यामुळे डिझेलच्या नळीत हवा शिरली. या वर्षी वरून नवे डिझेल ओतले, पण मधली हवा कोणी काढली नाही. मिस्त्री लोक त्याला ‘इंजनानं एअर धरली’ म्हणतात. एक पाना आणि पाच मिनिटे एवढ्यावर ते भागले असते. पण आता नोझल उघडून कापसाच्या बोळ्याने पुसले होते. पऱ्हाटीच्या मुलखात कापूस हाताशी असणारच! त्यातला एक बारीक तंतू नोझलमध्ये अडकला आणि मूळ रोग गेल्यावरही इंजिन दीड दिवस हटून बसले. त्या दीड दिवसाचे श्रेय इंजिनाला देता येणार नाही.

तेव्हा पाना उचलण्याआधी इंजिन पेटते कसे ते समजून घेऊ. ते समजले की कुठे पाहायचे ते आपोआप कळते.

मोटारसायकलच्या इंजिनात प्लग असतो, तो ठिणगी टाकतो. डिझेल इंजिनाला प्लगही नाही आणि ठिणगीही नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९३ साली या युक्तीचे पेटंट मिळवले आणि १८९७ साली आउग्सबुर्ग गावी ते इंजिन नीट चालवून दाखवले. युक्ती अशी की, सिलिंडरात नुसती हवा ओढून घ्यायची आणि ती सोळा-सतरा पट दाबायची. इतकी दाबली की हवा पाचशे अंशांच्या वर तापते. त्या तापल्या हवेत डिझेलचे धुके उडवले की ते आपले आपण भडकते.

हे खोटे वाटत असेल तर सायकलचा पंप घ्या. नळीचे तोंड अंगठ्याने दाबून धरा आणि दहा-बारा वेळा जोराने दांडा दाबा. मग पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून पाहा. गरम लागेल. गुरुजी, हा प्रयोग वर्गात जरूर करावा, आणि लगेच दोन फरक करून पुन्हा करावा. एकदा दांडा अगदी सावकाश दाबा. एकदा वायसर झिजलेला जुना पंप घ्या. दोन्ही वेळा पंप म्हणावा तसा तापणार नाही. सावकाश दाबले तर उष्णता बाजूच्या लोखंडात निघून जाते. वायसर झिजला असेल तर हवाच निसटते. तळ्यावरचे तुमचे इंजिन पेटत नाही त्याची निम्मी कारणे या दोन पंपांत आली. सावकाश दाबणे म्हणजे हॅण्डलचा वेग कमी पडणे. झिजलेला वायसर म्हणजे झिजलेल्या रिंगा. उरलेली निम्मी कारणे डिझेलची.

आता इंजिनाकडे वळू. आधी हात लावा, पाना मागून.

हेडवरचा कॉम्प्रेशन सोडण्याचा खटका उचला आणि हॅण्डल हळू फिरवून पाहा. चाक सहज फिरले पाहिजे. फिरत नसेल, अडकत असेल, तर बहुधा इंजिनाचा दोष नाही. पंपच गंजून धरलेला असतो. आपल्याकडे हे फार होते, कारण उन्हाळ्यात नाल्याच्या डोहातले पाणी उपसले की ते थोडेफार खारे असते. ते पंपात तसेच राहिले की चार महिन्यांत आतला पंखा गंजून धरतो. अशा वेळी दोन गडी लावून हॅण्डलवर जोर करू नये. इंजिन आणि पंप जोडणारी कपलिंग सोडवा, पंप वेगळा फिरवून मोकळा करा.

मग टाकी पाहा. डिझेल आहे ना? कॉक उघडा आहे ना? टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असते, तिथून हवा आत जाते. ते मातीने बुजले असेल तर इंजिन सुरू होऊन थोड्या वेळाने गप्प होते. कुंभारीण माशीला असली भोके फार आवडतात. आणि इंजिन बंद करायची दांडी ‘बंद’ वरच राहिली नाही ना? हसू नका. हॅण्डल मारून दमलेला माणूस ही दांडी हमखास विसरतो.

यातून काही निघाले नाही तर नेहमीसारखे हॅण्डल मारा आणि एका माणसाला सायलेन्सरकडे बघायला सांगा. इंजिनाची नाडी तिथे आहे. काहीच धूर येत नसेल तर डिझेल सिलिंडरात पोचतच नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचते आहे, पण पेटत नाही. या दोन वाटा अगदी वेगळ्या आहेत. धूर न पाहता नोझल सोडणे म्हणजे ताप न पाहता सुई टोचण्यासारखे झाले.

धूर नाही, अशी पहिली वाट धरू. वर्षभर टाकीत राहिलेल्या डिझेलच्या तळाशी पाणी साठते. दिवसा टाकी तापते, रात्री थंड होते, आतल्या हवेतला ओलावा लोखंडाला धरतो आणि थेंबाथेंबाने खाली उतरतो. पाणी डिझेलहून जड, म्हणून ते तळाशी बसते आणि सगळ्यात आधी नळीत जाते. पाणी आणि डिझेल यांच्या सांध्यावर काळी शेवाळासारखी घाणही वाढते. म्हणून टाकीखालचा नट सोडून पहिले पाव लिटर एका काचेच्या बाटलीत काढा आणि बाटली उजेडात धरा. पाणी खाली वेगळे दिसेल. घाण दिसली तर टाकी पुरी रिकामी करा, धुवा, फिल्टर बदला. जुने डिझेल फडक्यातून गाळून परत ओतण्याची आपली सवय आहे. फडक्याने काडीकचरा अडतो, पाणी अडत नाही.

आता हवा काढणे. याला ‘एअर काढणे’ म्हणतात आणि हे काम प्रत्येक घरात एकाला तरी आलेच पाहिजे. मी तर म्हणेन की पोरींनाही शिकवा, याला ताकद लागत नाही. टाकी भरलेली असावी. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू थोडा ढिला करा. आधी फेस येईल, बुडबुडे येतील. निखळ डिझेल यायला लागले की स्क्रू चालत्या धारेतच आवळा. मग फ्युएल पंपावरचा स्क्रू तसाच ढिला करा आणि तसाच आवळा. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या जाड नळीचा नट एक फेरा सैल करा, खटका उचलून हॅण्डल फिरवा, आणि तिथून डिझेलची उचकी येऊ लागली की नट आवळा. टाकीकडून नोझलकडे, हा क्रम चुकवू नका. उलट क्रमाने गेलात तर मागची हवा पुन्हा पुढे येते. हे झाल्यावर हॅण्डल सावकाश फिरवताना नोझलमधून ‘चर्रक’ असा बारीक आवाज येतो. तो आवाज कानाला ओळखीचा करून ठेवा. तो आला म्हणजे निम्मे काम झाले.

आवाज येत नसेल तर मात्र नोझल किंवा फ्युएल पंप बिघडला असे समजा. फवारणी पंप तुम्ही चालवता. नोझल चांगले असेल तर धुके पडते, खराब असेल तर थेंब टपकतात, आणि टपकणारे औषध झाडाला लागत नाही. इथेही तेच. फरक दाबाचा आहे. इंजिनाचे नोझल हवेच्या दाबाच्या दोनशे पट दाबाने डिझेल उडवते, आणि त्याची भोके केसाच्या दोन-चार पट जाडीची असतात. ती सुईने कोरू नका आणि कापसाने पुसू नका. नोझल काढून स्वच्छ फडक्यात गुंडाळा आणि अमरावतीला नाही तर जवळच्या मिस्त्रीकडे न्या. तपासायला त्याच्याकडे हातपंप असतो. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. उडत्या नोझलसमोर हात, बोट कधीही धरू नका. एवढ्या दाबाचे डिझेल कातडी फोडून आत शिरते. बाहेर नुसता ठिपका दिसतो, दुखत नाही म्हणून माणूस घरी जातो, आणि पुढे बोट कापायची पाळी येते. तसे झाले तर तासाभराचीही वाट न पाहता मोठा दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना डिझेल शिरल्याचे स्पष्ट सांगा.

आता दुसरी वाट. धूर पांढरा येतो, म्हणजे डिझेल उडते आहे पण हवा तापत नाही. इथे सायकलचा पंप आठवा.

खटका खाली टाका आणि हॅण्डल हळू फिरवा. पिस्टन वर येताना चाकाने अडले पाहिजे, सोडले तर उसळी मारून मागे आले पाहिजे. ही उसळी म्हणजे कॉम्प्रेशन. चाक मऊ लोण्यातून गेल्यासारखे फिरून गेले, तर हवा कुठून तरी निसटते आहे. नीट ऐका. फुस्स असा आवाज एअर क्लीनरमधून आला तर आत हवा घेणारा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. सायलेन्सरमधून आला तर धुराचा व्हॉल्व्ह. तेल भरायच्या तोंडातून आला तर रिंगा. हेडच्या सांध्यातून बुडबुडे आले तर पॅकिंग. वर्षभर इंजिन व्हॉल्व्ह उघडा राहून थांबले असेल तर त्याच्या बैठकीवर गंज चढतो. टॅपेटची फट अजिबात उरली नसेल तरी व्हॉल्व्ह अधांतरी राहतो. अशा वेळी रिंगांचा दोष आहे की व्हॉल्व्हचा, हे पाहायला जुन्या मिस्त्रींची एक रीत आहे. हवा घेण्याच्या तोंडातून इंजिनाचेच तेल एक चहाचा चमचा सोडा, खटका उचलून चाक दोन-चार फेरे फिरवा आणि पुन्हा उसळी पाहा. उसळी वाढली तर रिंगा झिजल्या किंवा चिकटल्या आहेत, कारण तेलाने तेवढ्यापुरती फट बुजवली. वाढली नाही तर व्हॉल्व्ह किंवा पॅकिंग पाहा. चमचा म्हणजे चमचाच. वाटीभर तेल ओतले तर ते दाबले जात नाही आणि आतला दांडा वाकतो.

रिंगा का चिकटल्या, याचे उत्तर आपल्या गावाच्या पाण्यात आहे. सिलिंडरभोवती जे पाणी खेळते ते इंजिनाला थंड ठेवते. त्यात खारे पाणी घातले की आतून क्षाराचे थर चढतात. चहाच्या भांड्यात चढतात तसेच, पण इथे खरवडायला हात जात नाही. वाट अरुंद झाली की इंजिन तापते, तेल जळते, त्याची काजळी रिंगांच्या खाचांत बसते, पॅकिंगही भाजते. त्या दिवशी इंजिन चालून जाते. काही महिन्यांनी, पुढच्या भाद्रपदात, ते सुरू होत नाही. म्हणजे आज हॅण्डलशी जी झटापट चालली आहे तिचे बी मागच्या माघात पेरलेले असते. तळे आटत आले की पुष्कळ जण विहिरीची बादली इंजिनात ओततात. तसे करू नका. पिण्याच्या पाण्यातले चार तांबे द्या, पण ते खारे पाणी देऊ नका. पंपाच्या पाण्यानेच इंजिन थंड होत असेल आणि पंप खाऱ्या डोहावर लावलेला असेल, तर काम संपल्यावर दहा मिनिटे गोडे पाणी आतून फिरवून काढा.

कॉम्प्रेशन चांगले आहे आणि तरी पांढराच धूर येतो, तर वेग पाहा. रब्बीत, हरभऱ्याच्या पाण्याला, पहाटेची थंडी दहा अंशांपर्यंत उतरते. तेल घट्ट होते, लोखंड गार असते. त्यात कोणी गिअरचे जाड तेल इंजिनात भरले असेल, ‘जाड तेल म्हणजे ताकद’ या समजुतीने, तर चाक वेग धरणारच नाही. पुस्तकात सांगितलेले तेलच घाला. थंडीत सिलिंडरभोवतीचे पाणी काढून कढत नव्हे, हाताला सोसेल इतपत गरम पाणी भरा आणि पाच मिनिटे थांबा. एवढ्याने पुष्कळदा काम होते.

हॅण्डल मारायचीही रीत आहे. खटका उचलून दहा-पंधरा फेरे वाढत्या वेगाने द्या. चाकाने वेग घेतला की मगच खटका टाका. दोन फेरे देऊन लगेच खटका टाकला तर चाक अर्ध्यावर अडते, डिझेल अवेळी पेटते आणि हॅण्डल उलटे झटका मारते. मनगटे मोडतात ती अशी. म्हणून मूठ धरताना अंगठा दांड्याला वेढू नका, बोटांच्याच बाजूला ठेवा. झटका आला तर हॅण्डल हातातून सुटून जाईल. बाहीचा शेला, गळ्यातला रुमाल, धोतराचा सोगा आधी खोचून घ्या.

आता एक उपाय सांगतो, तो करू नका म्हणून. पेट्रोलचा बोळा एअर क्लीनरच्या तोंडाशी धरून हॅण्डल मारायचे, किंवा पेटता बोळा धरायचा, असे सर्रास चालते. इंजिन सुरू होतेही, मोठा ठोका देऊन. तो ठोका रिंगांवर आणि दांड्यावर बसतो. पेट्रोलचा डबा जवळच असतो, त्याचे वेगळेच. एकदा इंजिनाला ही चटक लागली की पुढच्या वर्षी ते त्यावाचून उठत नाही, कारण तोवर रिंगा तुटलेल्या असतात. आणि इंजिन विहिरीच्या टप्प्यावर किंवा बंद खोपटात कधी चालवू नका. धूर साठतो आणि माणूस खाली उतरतो तो वर येत नाही.

काहींकडे लहान पंप असतात, पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारे, किंवा नुसत्या पेट्रोलचे. त्यांचा धर्म निराळा. त्यांत ठिणगी असते. प्लग काढा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, भिजलेला असेल तर पेट्रोल जास्त झाले किंवा ठिणगी नाही. भिजलेला प्लग पुसून वाळवा, चोक उघडा ठेवून चार वेळा दोरी ओढा, मग प्लग लावा. जुने पेट्रोल मात्र निर्दयपणे काढून टाका. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढून घेते. शिवाय पडून राहिलेले पेट्रोल कार्बुरेटरमध्ये सुकते तेव्हा मागे डिंकासारखा चिकटा ठेवते, आणि बारीक जेट बुजते.

पेढी-पूर्णेला पूर आला की बचावपथकाची रबरी बोट येते. तिच्या मागे टांगलेले इंजिन याच जातीचे. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या ओले एविनरूड यांनी १९०९ साली असे इंजिन बाजारात आणले आणि ते जगभर गेले. आपल्या तळ्यावरच्या इंजिनासारखेच तेही अकरा महिने झोपते आणि नेमके धावपळीच्या दिवशी उठवावे लागते. ते उठेना तर तिथेही आधी साध्याच गोष्टी पाहतात. टाकीच्या झाकणाची हवेची वाट उघडी आहे ना? नळीवरचा रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाबला ना? गिअर मधोमध आहे ना? चालकाच्या मनगटाला बांधायच्या दोरीची चिप जागेवर आहे ना? ती चिप नसेल तर दिवसभर दोरी ओढली तरी ठिणगी पडत नाही. पावसाळ्याआधी ते इंजिन पाण्याच्या पिंपात उभे करून चालवून पाहावे लागते. कोरडे चालवले तर काही क्षणांतच त्याच्या पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी पंखा भाजून जातो. शाळेची मुले असा सराव पाहायला नेता आली तर गुरुजी, अवश्य न्यावी.

हरभऱ्याचे शेवटचे पाणी झाले की आपले इंजिन झोपवायचे कसे, ते आता सांगतो. डिझेल संपवून इंजिन बंद करू नका, दांडीने बंद करा. टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा, मग ओलावा धरायला आत जागा उरत नाही. इंजिन गरम असतानाच जुने तेल काढून नवे घाला. सिलिंडरभोवतीचे पाणी पुरते सोडून द्या, पंपातलेही. हवेच्या तोंडातून चमचाभर तेल सोडा आणि चाक हाताने फिरवून उसळी लागते तिथे थांबवा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले राहतात. महिन्यातून एकदा तळ्याकडे गेलात तर खटका उचलून चार फेरे द्या आणि पुन्हा त्याच जागी ठेवा. सायलेन्सरच्या तोंडावर एक पत्र्याचा डबा उपडा घाला, पावसाचे पाणी आणि उंदीर आत जाणार नाहीत. डब्यावर खडूने तारीख लिहा.

आणि तो डबा पुढच्या वर्षी काढायचा लक्षात ठेवा. डबा घट्ट बसला असेल तर धूर बाहेर पडत नाही, नवी हवा आत येत नाही आणि इंजिन नुसते फसफसते. असे एक इंजिन मी पाहिले आहे. दोन मिस्त्री येऊन गेले होते, नोझल नवे घातले होते, आणि डबा जागेवर होता.